फाट्यावरचा कॅमेरा

भुताचे फोटो कसे बनवतात ते मला विचारा. एकाच निगेटिव्हवर दोनदा एक्स्पोजर द्यायचं, पहिल्यांदा रिकामी खुर्ची आणि दुसऱ्यांदा पांढरी साडी नेसलेली बाई. झालं भूत तयार! जत्रेत गंमत म्हणून असले फोटो मी स्वतः काढून दिलेत. तेव्हा असल्या गोष्टींवर विश्वास ठेवण्यातला मी नव्हतो आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरीही माझ्याकडे एक निगेटिव्ह आहे... तिच्याबद्दल आजवर मी कुणाला खरं सांगितलेलं नाही.

काळ नव्वद सालानंतरचा, गाड्यांना नुकत्याच एम.एच.च्या नव्या पाट्या लागू झाल्या होत्या तेव्हाचा. आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर. गाव आत आहे आणि डांबरी रस्ता दीड किलोमीटरवर. तिथं फाटा, एक लिंबाचं झाड आणि एसटीची पत्र्याची शेड. गावात माझा छोटा फोटो स्टुडिओ होता. वडील, म्हणजे अण्णा, पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. आई आधीच गेलेली. घरात अण्णा, मी आणि माझी बायको नंदा.

त्या वर्षी गावात चोऱ्यांनी उच्छाद मांडला होता. विहिरीवरच्या मोटारी, केबल, शेळ्या... आणि सगळं भरदिवसा. बाजारादिवशी अख्खं गाव म्हसवडला जायचं आणि तेवढ्या वेळात टेम्पो यायचा, माल भरायचा आणि पसार व्हायचा. पोलीस म्हणायचे, गाडीचा नंबर आणा. नंबर कोण बघणार? गाडी धुरळा उडवत जायची, आणि पाहणाऱ्या म्हातारीला अक्षरओळख नसायची.

मग सरपंच बापूंनी टूम काढली. वर्गणी काढून गावाचा एक कॅमेरा घ्यायचा आणि फाट्यावर पाळीपाळीनं माणूस उभा करायचा. अनोळखी गाडी दिसली की पाटीचा फोटो. सेकंडहँड कॅमेरा आणि फ्लॅश मीच मिरजेहून आणला. शेडमध्ये बसून सगळ्यांना चालवायला शिकवलं. अण्णांना तर दोनदा शिकवलं, कारण त्यांना प्रत्येक स्क्रू कशासाठी आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नसे.

महिनाभरात पहिले रोल धुतले आणि मी कपाळाला हात लावला. एसटीचे फोटो, उसाच्या ट्रॅक्टरचे फोटो, एका बहाद्दरानं तर आपल्या सासऱ्याच्या मोटारसायकलचे चार काढले होते. चोराचा एकही नाही. मात्र एक गोष्ट झाली होती – कॅमेरा आल्यापासून एकही मोटार गेली नव्हती. दिवसाउजेडी फ्लॅश उडाला की ड्रायव्हर दचकायचे आणि ही बातमी बरोबर जायची तिथं गेली होती.

बापू मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्ता, रोल काढून टाक गड्या. चोराला काय ठावं आत काय हाय? बुजगावण्याच्या हातात कवा खरी काठी असती व्हय?"

मला ते पटलं. दर आठवड्याला रोल धुवायचं माझं लचांडही सुटत होतं. गावाला सांगायचं नाही असं आमच्या दोघांत ठरलं. अण्णांनाही नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनी चावडीवर तमाशा केला असता. बिनगोळीच्या बंदुकीनं पहारा द्यायला लावणं पलटणीतल्या माणसाला कसं चालेल?

ही सगळी दिवाळीच्या आधीची गोष्ट.

माघात एका बाजारादिवशी फाट्यावर माझी पाळी होती. त्याच दिवशी गावातल्या एका मुलाच्या साखरपुड्याची ऑर्डर आली, तीही पाटणला. अण्णा म्हणाले, "जा तू. तुझी पाळी मी करतो. न्हाईतरी घरी बसून माश्याच मारायच्या हायत." फेटा बांधून, काठी टेकत ते फाट्याकडे गेले. मी त्यांना पाठमोरं पाहिलं आणि पाव्हण्यांच्या जीपमध्ये बसलो.

पाटणचा साखरपुडा तिसऱ्या प्रहरी होता. माझा स्वतःचा कॅमेरा, त्यात ब्लॅक अँड व्हाइट रोल, नवा कोरा, पाकीट तिथंच फोडून घातलेला. मुलीच्या कपाळाला सासू कुंकू लावत होती तेव्हा मी बटण दाबलं आणि फ्लॅश उडालाच नाही. बॅटरी असेल म्हणून मी टिचकी मारली. पुढच्या वेळी उडाला. "परत एकदा लावा मावशी" म्हणून मी कुंकू परत लावायला लावलं आणि सगळे हसले. ऊन तेव्हा कलायला लागलं होतं. घड्याळ काही मी पाहिलं नाही.

गावी पोचलो तर नंदा रस्त्यातच रडत उभी. फाट्यावर टेम्पोनं अण्णांना उडवलं होतं. साडेपाचच्या एसटीच्या कंडक्टरला ते रस्त्याच्या कडेला पडलेले दिसले. दोन्ही मांड्यांची हाडं मोडलेली, फेटा उडून चारीत पडलेला, आणि कॅमेरा गळ्यात तसाच. त्याच दिवशी ओढ्याकडच्या तीन विहिरींवरच्या मोटारी गेल्या होत्या.

मिरजेच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. मला पाहिल्याबरोबर पहिलं वाक्य –

"दत्त्या, रोल धू."

"धुतो अण्णा," म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्यांचा कॅमेरा नंदानं पिशवीत घालून आणला होता. व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन मी तो उघडला. रिकामा. बंद केला, परत उघडला. कुणी तरी, चुकून, परवा-तेरवा, एखादा रोल घातला असेल... मी आत बोट फिरवून पाहिलं. वेड्यासारखं त्या दिवशी मी ते तीन-चार वेळा केलं. एक नर्स थांबून माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांना ताप चढला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, जंतुसंसर्ग होतोय, बघू. ताप थोडा उतरला की त्यांचं तेच. "धुतला का रं रोल?"

"टाकलाय धुवायला अण्णा."

पोलीस आले, निळा टेम्पो एवढाच अण्णांचा जबाब घेऊन गेले. जमादार तसा भला माणूस होता. म्हणाला, "नंबर असंल तर द्या, आजच्या आज उचलतो. त्याबिगार काय? निळा टेम्पो म्हंजे रस्त्यावर ढिगानं पळत्यात." मला एकदा वाटलं, मनानंच एक नंबर सांगून मोकळं व्हावं. कुणाचा का असेना! निदान अण्णांना सांगता येईल की सापडला. इतकी माझी मती फिरली होती. म्हसवडच्या सिद्धनाथाला साकडं घातलं. मी, देवळात फोटो काढण्यापुरता जाणारा माणूस, दवाखान्याच्या जिन्यात बसून हात जोडत होतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. हात चटका बसावा इतका तापला होता. "लय वेळ न्हाई माझ्याकडं. धू की रं रोल."

"उद्या येतोय अण्णा. उद्या नक्की."

त्या रात्री जिन्यात बसून एकच डोक्यात फिरत होतं. माझ्या पाळीला माझा बाप उभा होता, हातात मीच दिलेलं खोटं घेऊन. गाडी अंगावर आली तरी तो पाटीवर नेम धरून उभा राहिला असणार, कारण आत रोल आहे असं त्याला वाटत होतं. याच्यापुढे विचार जायचाच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला मी गावी आलो. स्टुडिओच्या दारात नवऱ्या मुलाचा भाऊ उभा. अवघडून म्हणाला, "आवं, अण्णांचं समजलं. राग मानू नगा, पर पाटणच्या पाव्हण्यांनी फोटूसाठी दोनदा निरोप धाडलाय..." मला त्याचा राग आला नाही. उलट बरंच वाटलं. डार्करूमला आतून कडी लावता येते आणि तिथं माणूस मनासारखं रडू शकतो.

रडत रडतच मी तो रोल धुतला. हाताला सवय असते, डोळे लागत नाहीत. सुकायला टांगला आणि सहज उजेडासमोर धरला. पानसुपारी, साडीचोळी, अंगठी, सासू हात पुढे करताना... आणि पुढची फ्रेम रस्त्याची.

पुन्हा पाहिली. फिल्म कोरडी होईपर्यंतही दम निघाला नाही, तशीच एन्लार्जरला लावली आणि प्रिंट काढली. बशीतल्या रसायनात कागदावर हळूहळू चित्र उमटायला लागलं. आधी लिंबाचं झाड, मग आमच्या फाट्याची शेड. रस्त्यावर पाठमोरा, लांब जाणारा टेम्पो, हौद्यात ताडपत्रीखाली उंचवटे. फळीवरची पाटी स्वच्छ, एम.एच. दहा आणि पुढचे सगळे आकडे वाचता येत होते. रस्त्याच्या मधोमध अण्णांची एक वहाण पडली होती.

आणि खालच्या कडेपासून टेम्पोच्या दिशेनं गेलेली एक लांब सावली. कोपर बाहेर काढून, डोळ्याला कॅमेरा लावून उभ्या असलेल्या माणसाची. डोक्यावर फेटा होता आणि खांद्यावर शेमला.

ती फ्रेम बरोबर कुंकवाच्या दोन फोटोंच्या मध्ये होती. फ्लॅश उडाला नव्हता, तीच.

प्रिंट ओलीच वर्तमानपत्रात गुंडाळून मी मिळेल त्या गाडीनं मिरज गाठलं. वाटेत जमादाराला चौकीवर नंबर दिला. त्यानं विचारलं, "फाट्यावरच्या कॅमेऱ्यातला ना?" मी मान हलवली. दुसरं काय सांगणार होतो?

अण्णा डोळे मिटून पडले होते. मी प्रिंट त्यांच्यासमोर धरली. "अण्णा, आला बघा फोटो. नंबर मिळाला."

त्यांनी खूप वेळ पाहिलं. वहाणेवर बोट ठेवलं, मग सावलीवर. "ब्येस आलाय."

"तुमीच काढलाय अण्णा. फाट्यावरच्या कॅमेऱ्यात आला."

बापानं माझ्याकडे मान वळवली.

"त्यात रोल न्हवता, दत्त्या."

मी प्रिंट खाटेवर ठेवली.

"रोल असला की त्यो पुढं सरकवायचा खटका वढताना डाव्या अंगाची किल्ली फिरती. तूच शिकवलंस. दिवाळीपास्नं ती फिरत न्हाई."

"मग... रोल धू म्हणत होता, तो कुठला?"

"तुझ्या गळ्यातला."

"तुमाला कसं कळलं, अण्णा?"

त्यांनी प्रिंटवरच्या सावलीवर परत बोट टेकवलं. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळत होतं, तापाचं की कशाचं कोण जाणे. मी विचारलं, "आणि माहीत होतं तर उभं का राहिलासा? रिकामा कॅमेरा घेऊन?"

"तू सांगशील म्हून वाट बघत हुतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा गेले.

टेम्पो तासगावच्या बाजूला सापडला, मोटारींसकट. ड्रायव्हरनं कबुली दिली. जमादारानं त्याचा जबाब मला नंतर वाचून दाखवला. त्यात होतं – धक्का बसला म्हणून मी आरशात पाहिलं, तर म्हातारा रस्त्यात ताठ उभा होता, कॅमेरा डोळ्याला लावून. त्याला काही लागलं नाही असं वाटलं, म्हणून थांबलो नाही. जमादार म्हणाला, "सुटण्यासाठी कायबी सांगत्यात. दोनी पाय मोडलेला माणूस हुबा ऱ्हातोय व्हय?" फोटोतली सावली त्यानं नीट पाहिली नव्हती.

गावानं त्या कॅमेऱ्याला हार घातला. बापूंना कोडं पडलं होतं, पण मी कधी तरी गुपचूप रोल घातला असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि मी ती मोडली नाही. आसपासच्या चार गावांनी वर्गणी काढून तसे कॅमेरे घेतले. सगळे मीच आणून दिले आणि प्रत्येक वेळी त्या गावच्या लोकांना अण्णांची गोष्ट सांगितली... खोटी.

इतक्या वर्षांत मी डोकं फोडून विचार केला. डबल एक्स्पोजर म्हणावं तर रोल कोरा होता आणि कॅमेरा दिवसभर माझ्या गळ्यात. पाटण आणि आमचा फाटा यांच्यात शंभर किलोमीटर तरी अंतर असेल. निगेटिव्ह आजही माझ्याकडे आहे, अलीकडे-पलीकडे कुंकवाची एकेक फ्रेम धरून. धंद्यातल्या दोन जाणत्यांना फक्त ती पट्टी दाखवली, हकीकत न सांगता. दोघंही म्हणाले, यात काय, सरळ फोटो आहे.

मला खुलासा सापडलेला नाही. आता तो शोधायचंही मी सोडून दिलंय. पण एक गोष्ट माझ्या हातात होती आणि ती चार पावलं चालून, संध्याकाळी ओसरीवर बसलेल्या बापाला सांगायला मला चार महिने पुरले नाहीत. तेव्हा राहिलं ते आज इथं सांगतो.

अण्णा, कॅमेऱ्यात रोल नव्हता. मीच काढला होता.