तात्यांचं उरलेलं इंग्रजी

शाळेत इंग्रजी कसं शिकवू नये, हे शिक्षकांना सांगण्याबद्दल सरकार मला पगार देतं.

(कसं शिकवावं हेही सांगायचं असतं, पण तेवढा वेळ उरत नाही.) सकाळी नगरहून निघायचं, पाथर्डीच्या बाजूची एखादी जिल्हा परिषदेची शाळा गाठायची, शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचं आणि इंग्रजीचा तास बघायचा. तास सुरू झाला की पोरं फळ्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत बसतात आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून देवाचा धावा करतात. नंतर चहा पिता पिता मी म्हणते, "सर, छान झालं. फक्त सगळ्या वर्गाकडून एका सुरात वदवून घेऊ नका. एकेका मुलाला बोलू द्या. चुकलं तर चुकू द्या." सर मान डोलावतात. माझी गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मागून सगळा वर्ग एका सुरात ओरडायला लागतो.

एका सुरात वदवून घेणाऱ्यांचा मुकुटमणी माझ्या घरातच होता. माझे वडील, तात्या. पाथर्डी तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर आईला घेऊन नगरात, सावेडीला, आमच्याकडे राहायला आले. ते 'रिपीट आफ्टर मी' म्हणाले की शाळेचे पत्रे थरथरायचे, असं गावात सांगतात. शेजारच्या रानातल्या बाया खुरपता खुरपता 'धिस इज अ काऊ' म्हणायच्या, असंही सांगतात. (हे मात्र तात्यांनीच सांगितलेलं.) रात्रीच्या जेवणाला आमचा वाद ठरलेला असायचा.

"पोपट तयार केलेत तुम्ही, तात्या."

"पोपट बोलतो तरी. तुझ्या त्या चित्रांच्या कार्डांनी कोण बोललं?"

"भाकरी घ्या," आई म्हणायची, आणि इंग्रजी विषयाची बैठक संपायची.

एका सकाळी तात्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. चांगल्या सेटमधला कप फोडला म्हणून आई बोलायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की ते काहीतरी सांगू बघताहेत, पण शब्द येत नाहीयेत. आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मेंदूला झटका आला होता. हळूहळू पाय उचलायला लागला, हात वळायला लागला. वाचा मात्र गेली ती गेलीच. ज्या माणसाचा आवाज रानात जायचा, तो नुसता आईच्या तोंडाकडे बघायचा, ओठ हलवायचा आणि मग भिंतीकडे तोंड फिरवायचा. भिंतीकडे फिरवलेलं ते तोंड मला अजून बघवत नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, तेव्हा तात्या खणखणीत आवाजात म्हणाले, "सिट डाउन."

सिस्टर बसली. जागा नव्हती, म्हणून त्यांच्याच पलंगावर बसली, हातात सुई तशीच. आई रडायला लागली, मी रडायला लागले. सिस्टरनं हळूच विचारलं, "मी उठू का?"

"कीप क्वाएट," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं. आधी शिकलेली भाषा जाते आणि मागाहून शिकलेली शिल्लक राहते, असं कधीकधी होतं. त्यातही जी वाक्यं हजारो वेळा म्हटलेली असतात, ती तेवढी आपोआप बाहेर येतात. म्हणजे तात्यांची सगळी मराठी गेली होती. वर्गातलं इंग्रजी तेवढं उरलं होतं. आणि ज्या बाईशी त्यांना बोलायचं होतं, तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

घरी आल्यावर दोघांचा संसार नव्यानं सुरू झाला.

"अहो, भाजी कंची करू?"

"ओपन युवर बुक्स."

"नंदे," आई मला हाक मारायची, "काय म्हनत्यात?"

"पुस्तकं उघड म्हणतायत."

"आता ह्या वयात कंचं पुस्तक उघडू गं मी?"

हे कानी पडलं की तात्या मान जोरजोरात हलवायचे. त्यांना पुस्तक म्हणायचंच नसायचं. काय म्हणायचं होतं ते आत स्वच्छ दिसत असावं, पण तोंडापर्यंत येता येता त्याचं 'ओपन युवर बुक्स' व्हायचं. दूधवाल्याला ते 'व्हाय आर यू लेट?' म्हणाले, आणि तो खरोखरच उशिरा आलेला असल्यामुळे त्यानं दुसऱ्या दिवसापासून वेळ पाळली. सगळ्या झटक्यातून आमचा झालेला फायदा तेवढाच.

मग मी ठरवलं, की हे काम आपलं आहे. तालुक्यातल्या शिक्षकांना मी शिकवते, एका माणसाला बोलतं करता येणार नाही? रजा टाकली. पाणी, जेवण, अंथरूण, दुखणं अशी चित्रांची कार्डं केली. सकाळी तात्यांसमोर बसून एकेक दाखवायला लागले. "तात्या, हे काय? पाणी. म्हणा, पा-णी."

तात्यांनी माझ्या हातातून सगळी कार्डं घेतली, टेबलावर आपटून कडा नीट जुळवल्या आणि परत माझ्या हातात दिली.

"थँक यू," म्हणाले.

आठवडाभर मी हटले नाही. ते 'प' म्हणाले की मी 'पा' म्हणायची. ते 'पे' म्हणाले की मी 'पे नाही, पा'. शेवटी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "नंदे, त्यांला घाम फुटलाय बघ. तहान लागली तर मी देते की पानी. शिकवू नको त्यांला."

कार्डं मी कपाटात टाकली.

आई त्यांच्याशी बोलायची, तशी बोलत राहिली. ती गावाकडचं काही सांगायची, मध्ये ते 'व्हेरी गुड' म्हणायचे. "व्हेअर इज युवर होमवर्क?" असं त्यांनी विचारलं, तर "भात केलाय की, ठिवलाय झाकून," म्हणायची. संध्याकाळी गॅलरीत दोघं अशी तासभर गप्पा मारायची. रस्त्यावरून कुणी बघितलं असतं, तर म्हणालं असतं, काय सुखी म्हातारा-म्हातारी आहेत. पण अंथरुणावर पडलं की तात्या हुंदके देऊन रडायचे, आणि त्यांना काय सलतंय हे आम्हा दोघींनाही कळायचं नाही.

खरा घोटाळा पुढेच आहे.

आई भाच्याच्या साखरपुड्यासाठी तिसगावला गेली होती. माझे यजमान एमआयडीसीत, पहिल्या पाळीला. आणि नेमकं त्याच दिवशी नगरात तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, त्यात मुख्य भाषण माझं. विषय: 'एकसुरी पाठांतराला पर्याय'. तात्यांना एकटं ठेवता येईना. मी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, बरोबर नेलं आणि सभागृहात मागच्या खुर्चीवर बसवलं. हातात बिस्किटाचा पुडा दिला. वाटलं, अर्धा दिवस निघेल.

माझं भाषण रंगात आलं होतं. पहिल्या रांगेत आमचे मोठे साहेब बसले होते. मी म्हणाले, "एका सुरात ओरडणारा वर्ग म्हणजे झोपलेला वर्ग." आणि मागून आवाज आला,

"स्टँड अप."

सगळं सभागृह उभं राहिलं. साहेबसुद्धा उभे राहिले. (ते आधी कुठंतरी शिक्षकच होते. पाय विसरत नाहीत.)

तात्या काठी टेकत मधल्या वाटेनं पुढं आले. शिक्षकांतल्या कितीतरी जणांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली होती. त्यातले आव्हाड सर, स्वतः आता मुख्याध्यापक, टाचा जुळवून म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर." मग सगळे म्हणाले.

"सिट डाउन."

सगळे बसले. मी उभी होते, माझ्याकडे बघून ते पुन्हा म्हणाले, "सिट डाउन." मीही साहेबांशेजारच्या खुर्चीवर बसले.

"तात्या," मी दबक्या आवाजात म्हणाले, "घरी जाऊ या."

"डोन्ट टॉक. रिपीट आफ्टर मी."

झटका आल्यापासून मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ते 'धिस इज अ काऊ' म्हणाले, सभागृह म्हणालं. ते 'दॅट इज अ ट्री' म्हणाले, सभागृह म्हणालं. इतकी वर्षं प्रशिक्षणं घेतेय, माझ्यामागून एवढ्या मनापासून कुणी काही म्हटलेलं मला आठवत नाही. साहेबांचा आवाज तर सगळ्यांत मोठा.

मग तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "धिस इज माय..."

"धिस इज माय..." सभागृह म्हणालं.

त्यांना पुढचं येईना. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. बोट माझ्याकडेच रोखलेलं. "धिस इज माय..."

"धिस इज माय..."

आव्हाड सर हळूच म्हणाले, "डॉटर, सर."

तात्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. वर्गात दुसऱ्याला उत्तर सांगितलेलं तात्यांना कधीच खपायचं नाही. मला वाटलं, उठावं आणि त्यांना मिठी मारून बाहेर न्यावं. पण ते शब्द शोधत होते, आणि तो शब्द मी होते. मी बसून राहिले.

"धिस इज माय... पेन."

चुकलं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. ते तोंड मी यापूर्वी फक्त भिंतीकडे वळताना पाहिलं होतं. मग साहेब सावकाश, अगदी गंभीरपणे म्हणाले, "धिस इज माय पेन." आणि त्यांच्यामागून सगळे एका सुरात म्हणाले, "धिस इज माय पेन."

तात्यांनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "व्हेरी गुड."

मी उठले, त्यांचा हात धरला आणि रिक्षा बोलावली. रिक्षात ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. शर्टावर बिस्किटाचा चुरा होता, तो मी झटकत बसले. नंतर बरेच दिवस तालुक्यातले शिक्षक माझा उल्लेख 'पेन मॅडम' असा करायचे. मला ते आवडायचं, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

थंडीत तात्या गेले. दुपारी जेवण झालं होतं, आई उशाशी बसली होती. भेटायला येणारे सगळे विचारायचे, शेवटी काही बोलले का? आई सांगायची, "खिडकीकडं बघून ओपन द विंडो म्हनले. म्या म्हनलं, खिडकीच म्हनताय ना? तर मान हलिवली. म्या उघडली. ऊन आलं आत. मंग डोळं मिटलं." आणि वर म्हणायची, "त्या टायमाला जे म्हनायचं हुतं, त्येच म्हनले."

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर रुजू झाले. पहिलीच भेट डोंगराकडेच्या एका शाळेला. तिथले सर तरुण, नुकते लागलेले, मला बघून आधीच घाबरलेले. मी शेवटच्या बाकावर बसले. सरांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं, पट्टी उचलली आणि म्हणाले, "रिपीट आफ्टर मी." सगळा वर्ग पत्रे थरथरतील असा ओरडला. मला थांबवायला हवं होतं. थांबवणं हेच माझं काम. पण मी पदर तोंडाला लावला आणि तास संपेपर्यंत रडत बसले.

सर पांढरेफटक पडले. पट्टी खाली ठेवून माझ्याजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, एवढं वाईट शिकवलं का हो मी?"

मी पदरानं डोळे पुसले आणि गाडीत जाऊन बसले. वाईट शिकवलं म्हणून मॅडम रडल्या, ही बातमी संध्याकाळपर्यंत तालुकाभर झाली. आता मी येणार म्हटलं की शिक्षक आदल्या दिवसापासून तयारी करतात, मुलांना एकेकट्याला बोलायला लावतात, कार्डं काढतात, गाणी म्हणतात. साहेब म्हणतात, मॅडम, तुमच्या तालुक्यात फारच सुधारणा दिसते, कुठली पद्धत वापरलीत? आता त्यांना काय सांगू, जिथं माझं मार्गदर्शन चाललं नाही, तिथं रडणं चाललं.