मजुरीपुढं लिहिलेलं 'निरंक'

श्रावणी सोमवारच्या फुलवाती वळायला बसले होते. शंभरातल्या चाळीसेक झाल्या असतील, तेवढ्यात चतुराबाईनं दार ढकललं अन् हातातला कागद माझ्यापुढच्या कापसावर आपटला.

"वाचा काकू. एकतीस हजार चारशे परत मागतेत."

चतुराबाई आमच्या बजाजनगरातल्या महिला गटाची अध्यक्ष. गटातल्या पाच जणी मुलींच्या सरकारी वसतिगृहात दोन्ही वेळचा स्वयंपाक करतात. साठ मुली. पहाटे साडेचारला हिचा तवा तापतो. माहेर वैजापूरकडचं, परकरात होती तेव्हापासून मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. नवऱ्याला वाळूजच्या कंपनीत काम लागलं म्हणून इकडं आली. हिशोबाला इतकी चोख की हिला येताना बघून भाजीवाला आपणहून काटा सरळ करतो. लिहायचं असलं की मात्र माझ्याकडं येते, कारण मी रोज वही लिहिते हे गल्लीला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी ठेक्याचा अर्जही मीच भरला. खर्चाचे रकाने होते: किराणा, भाजी, गॅस, वाहतूक, मजुरी. मजुरीपाशी मी थांबले. पाचही जणी इथंच बसल्या होत्या. त्यांच्यातली भागूबाई म्हणाली, "लेकरांच्या तोंडात घास घालायचे पैसे मागायचे व्हय? पाप लागंल." मला पटलं. भंडाऱ्यात पोळ्या लाटणारीला आपण कधी मजुरी विचारतो का? मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'निरंक, सेवाभाव'. दर महिन्याला सरकारकडून हप्ता येईल, काटकसर करू, उरेल ते पाच जणी वाटून घेऊ, असं ठरलं. आमची रक्कम सगळ्यांत कमी, म्हणून ठेका मिळाला. त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली.

काटकसर कशी केली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बाजार उठताना भाजी घ्यायची. डाळ रात्रीच भिजत घालायची, म्हणजे गॅस कमी. तांदळाची गोणी दोघींनी धरून आणायची, म्हणजे रिक्षा नको. दहा महिन्यांत एकतीस हजार चारशे उरले, ते वाटून घेतले. आता तपासणी झाली अन् ही नोटीस. सात दिवसांत रक्कम भरा, नाहीतर ठेका रद्द.

"मी गेलते सकाळी हापिसात," चतुराबाई म्हणाली. "सायेब म्हणतो, बाई, खर्च म्हणजे पावती असलेला खर्च. तुम्ही कमीत भागवलं, उरलं ते शासनाचं. म्हणलं, मंग आमच्या कष्टाचं? तर तुम्ही भरलेला अर्ज दाखवला. म्हणे, मजुरी निरंक, तुमचीच सही. अन् वर हसतो, पुण्य मिळालं की!"

"असं म्हणाला?"

"व्हय! गॅसवाल्याला पैसे, किराणावाल्याला पैसे. त्येंला पुण्य नको व्हतं का?"

मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. बाईमागं महिन्याला सहाशे अठ्ठावीस. दिवसाला एकवीस रुपयेसुद्धा नाहीत. अन् तेही परत हवेत! जिनं वाचवलं तिच्याकडूनच वसुली. उधळलं असतं तर पावत्या लावून सगळं मंजूर झालं असतं. अन् 'सेवाभाव' हा शब्द माझ्याच हातानं त्या अर्जावर गेला होता.

"काकू, राग नका मानू," ती म्हणाली, "पण यार्डात कांदा निवडायचे मी गोणीमागं पैसे घेतले. तिथं कुणी देव नाय काढला. रांधायचं आलं की लगीच सेवा!"

राग आलाच. चटकन म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही पोथी वाचणाऱ्या. तुमच्यापुढं काय बोलू?"

मी फुलवाती बाजूला सारल्या. कोरा कागद घेतला.

"लिव्हा," ती म्हणाली. "पाच बाया, रोज सहा तास, तीनशे दिवस. घेतलेले पैसे आमची मजुरी व्हती, अन् ती बी कमीच पडली. रकान्यात निरंक लिव्हलं ती चूक झाली, म्हणावं."

"माझी चूक," मी म्हटलं अन् तसंच लिहिलं. "पण दर काय घालू?"

"सरकारचाच घाला. दिवसाला कमीत कमी किती द्यायचं ह्येचा तक्ता त्येच काढतेत ना?"

तो तक्ता आमच्या दोघींकडंही नाही. दराची जागा मोकळी सोडली आहे. उद्या अकरा वाजता चतुराबाई कामगार कार्यालयात किमान वेतनाचा तक्ता आणायला जाणार आहे.