कठड्यावरची गोधडी

रविवारी आमच्या सोसायटीत मी एक खेळ ठेवलाय. आवारात दडलेली चित्रं, नक्षी, रंग शोधायचे आणि मोबाइलवर फोटो काढायचे. जागा हेरायला सकाळीच बाहेर पडले आणि जिन्यापाशी थबकले. शेजारच्या काकूंनी कठड्यावर गोधडी वाळत घातली होती. जुन्या साड्यांचे निळे, जांभळे तुकडे आणि त्यांवरून मुंग्यांच्या रांगांसारखे निघालेले टाके! मी हरखूनच गेले.

"काकू, रविवारीही हीच घाला हं वाळत. सगळे फोटो काढणारेत."

"अगं बाई, फोटो? मग ह्या चिंध्या कशाला? नवी चादर घालते की!"

हसू आलं आणि धस्सही झालं. फोटो म्हटला की आपण सुंदर तेवढं नेमकं आत नेऊन ठेवतो. आता कुठल्या जागा हेरल्यात ते कुण्णाला सांगायचं नाही. नाहीतर रविवारपर्यंत अख्खी सोसायटी आवरून बसेल आणि शोधायला काही उरणार नाही.