पेटीतला ठोका

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मला जांभई येते. माझा धंदाच तसा — काही बिघडलं की मीटर लावायचा, कारण सापडतंच. म्हणजे... सापडायचं.

मी पवनीत इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतो. त्यात एक जादा उचापत म्हणजे जुन्या पिनबॉल मशीनचे सर्किट बोर्ड. तिरप्या काचेखाली स्टीलची गोळी, दोन बाजूंना बटणं, लुकलुकणारे दिवे... तीच मशीन. तिचे मूळ बोर्ड आता मिळत नाहीत, म्हणून जुन्याची हुबेहूब नक्कल बनवून मोठ्या शहरांतल्या शौकिनांना पाठवतो. गावात लोक हसतात. हसू देत.

मागच्या हिवाळ्यात कोंढ्याच्या सुमनवहिनी दुकानात आल्या. त्यांचे यजमान देवाभाऊ दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, अशीच एक मशीन लावायचे. पाच वर्षांपूर्वी नाकाडोंगरीकडच्या मंडईतून मशीन टेम्पोत घरी आली, देवाभाऊ आलेच नाहीत. वाटेत टेम्पो चहाला थांबला, तिथून ते नाहीसे झाले. पोलीस झाले, नातेवाईक झाले, आसपासचं जंगल पालथं घालून झालं. ना माणूस सापडला, ना प्रेत.

दुकानात आल्या तेव्हाही वहिनींच्या कपाळावर कुंकू होतं. पण आता पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि पत्रिकेत बापाच्या नावाआधी 'श्री.' छापायचं की 'स्व.' यावरून घरात रोज भांडण. दीर म्हणे, पुतळा जाळून क्रिया उरकून टाका. वहिनी ऐकायला तयार नव्हत्या.

"पोरीच्या लग्नाले तरी येतीन जी ते," त्या मला म्हणाल्या. "आल्यावर मशीन बंद दिसाले नोको. बनवून द्या ना, भाऊ."

मी हो म्हटलं.

बॅटरी गळून जुना बोर्ड हिरवा पडला होता, पार सडलेला. मी नवा बनवला, दुकानात नीट तपासला आणि भर दुपारी कोंढ्याला जाऊन मशीनमध्ये बसवला. वहिनी बाजूला सुपात लाखोरीची डाळ निवडत होत्या. दिवे लागले. बरं वाटलं, खेळायला लागलो. स्कोअर चढत गेला, फुकटचा डाव लागला... आणि मशीनच्या लाकडी पेटीतून आवाज आला. ठक-ठक. जरा थांबून — ठक.

डाव लागला की आतला छोटा हातोडा लाकडावर आपटतो, हे मला माहीत होतं. पण तो एकदाच आपटतो. माझ्याच बोर्डात काही चुकलं असणार, म्हणून मी पेटी उघडली. आत हातोडा नव्हताच! नुसती स्क्रूची भोकं, आणि टेप गुंडाळलेल्या दोन तारा.

घाम फुटला मला. खोटं कशाला बोलू?

"वहिनी, यातला हातोडा कुठं गेला?"

त्यांचा हात डाळीतच थांबला होता. "त्यायनंच काढला होता. पोरगी लहान होती, आवाजानं दचकून उठे. मंग कोणी जिंकलं की ते बोटानंच पेटीवर वाजवत. दोनदा... मंग थांबून एकदा."

मी काहीबाही बडबडलो — लाकूड तापलं असेल, ट्रान्सफॉर्मर असेल. ते मलाच पटेना. मग उगाच धीर द्यायला म्हणालो, "चांगलंच समजा हे, वहिनी. भाऊ येऊन राहिले असतीन."

त्यांनी हाताची डाळ सुपात झटकली.

"जित्ता माणूस दारावर वाजवते, भाऊ," त्या म्हणाल्या. "पेटीतून कायले वाजवन?"

सूप बाजूला ठेवून त्या उठल्या आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन पोरीला म्हणाल्या, "बाई, काकाले सांग. पत्रिकेत स्व. लिवा म्हणा."

रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी मी पुन्हा पुन्हा खेळलो, चारदा तरी डाव लागला. आवाज आला नाही. बोर्ड काढून दुकानात आणला, सोल्डरचा एकेक टाका तपासला. एकही दोष नाही.

देवाभाऊंचा अजून पत्ता नाही. पत्रिका मला आली होती, पण लग्नाला जायची हिंमत झाली नाही. तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. मी फक्त मशीन सुरू करायला गेलो होतो... आणि त्या बाईनं पाच वर्षं जिवंत ठेवलेला माणूस माझ्यासमोर मेला.