समजावण्याची दहा मिनिटं

जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात मी नर्स होते. कामातला फुकट जाणारा वेळ शोधायला तिथे पुण्याहून एक सल्लागार आले आणि आठवडाभर स्टॉपवॉच घेऊन माझ्या मागे फिरले. औषधांची ट्रॉली त्यांनी वॉर्डाच्या मधोमध आणली, त्याने माझी पायपीट खरंच वाचली. पण घरी निघालेल्या पेशंटजवळ बसून मी औषधं समजावायचे, ती दहा मिनिटं त्यांनी तक्त्यावर लाल केली. त्याऐवजी छापील कागद द्यायचं ठरलं. तेव्हा मी गप्प बसले, याचा राग अजून जात नाही.

भडगावकडच्या एक अक्का इन्सुलिन घेऊन घरी गेल्या. ते त्यांना नवीनच सुरू झालं होतं. कागद पिशवीत होता, पण त्यांना वाचता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुलाने त्यांना बेशुद्ध अवस्थेत आणलं. रक्तातली साखर फार उतरली होती; शिरेतून साखर दिल्यावर त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "सुई टोची लिधी, पन जेवनू नही. माले कोनी सांगंच नही."

सल्लागारांची मोठ्या डॉक्टरांबरोबर मीटिंग चालू होती, मी तशीच आत गेले आणि अक्कांचं सांगितलं. सल्लागार म्हणाले, "सिस्टर, एका केसवरून पद्धत बदलत नाही."

"मग हे त्या अक्कांना तुम्ही सांगा. चला माझ्याबरोबर."

ते उठले नाहीत.

मी वॉर्डात परतले, अक्कांजवळ स्टूल ओढलं आणि सुई कधी, जेवण कधी, ते त्यांच्याच बोलीत सांगितलं. पुढे प्रत्येकाजवळ तशीच बसत गेले. मला अडवायची कोणाची हिंमत झाली नाही.