उजवा दाणा

जयमालाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक होता, आणि त्या टाकावर तिची सवत होती. सवत मेलेली. कल्याणची पहिली बायको ज्ञानेश्वरी बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि वर्ष उलटल्यावर राजूरची जयमाला त्याच्या घरी दुसरेपणावर आली. सासूने, छबूबाईने, खर्ड्याच्या सोनाराकडून ही बोटाच्या पेराएवढी बाई घडवून आणली आणि लग्नाच्या दिवशी नव्या सुनेच्या गळ्यात बांधली. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग अंगाला. गोडाचा पहिला घास टाकाला दाखवायचा. जयमाला राजूरला ब्लाउज शिवून स्वतःचं पोट भरणारी, कुणाला न बधणारी बाई. तिला आधी या सगळ्याचं हसूच आलं होतं.

तिला दिवस गेले आणि ते हसू बंद झालं. तिला करपलेल्या भाकरीचा पापुद्रा खावासा वाटला, तर तोंड उघडायच्या आत सासूने तो ताटात वाढला. "तिलाबी ह्येच लागायचं," छबूबाई सहज म्हणाली. मग चुलीतली राख चाटावीशी वाटली. कोनाड्यात पाहते तर वाटीत चाळलेली राख तयार. पुढे पाय सुजले, पहिल्यांदा डावा. छबूबाईने मान हलवली. "व्हय, आधी डावाच."

यात छबूबाईच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट सुनेचे लाड केल्याचंच समाधान होतं तिला. पण जयमालाला वाटू लागलं, आपण दुसऱ्या बाईच्या पावलात पाऊल टाकत चाललोय आणि ती वाट कुठे संपली हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मरणाची साधी, सरळ भीती तिच्या पोटात बाळाच्या शेजारी येऊन बसली.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडाच्या अगदी कडेला. त्यात तुमचं बीपी. नॉर्मल होणारच नाही असं मी म्हणणार नाही, काहींचं होतं. पण कळांमध्ये रक्त सुटलं तर गावाहून इथं पोहोचेपर्यंत उशीर होईल. ठरवून सिझर केलं तर रक्त, माणसं, सगळं हाताशी ठेवता येतं. सिझरलाही धोके आहेत." तेही त्यांनी नीट समजावून सांगितले. "गुरुवार धरून ठेवते. विचार करा."

घरी विचार करायचं काम छबूबाईकडे असे. कल्याणचं खर्ड्याच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान. लोखंडाला लोखंड जोडणारा माणूस, पण आई आणि बायको यांच्यामध्ये पडायची वेळ आली की त्याला नेमकं कुणाचं तरी गेट बसवायचं आठवे.

"ज्ञानूला टेबलावर घेतली अन् ती थितंच गेली," छबूबाई म्हणाली. "पोट फाडायचं न्हाई. तरीबी तुझ्या मनात आसंल तर आपण तिलाच इचारू. तिला ठावं हाय समदं."

देवाला कौल लावतात हे जयमालाला माहीत होतं. सवतीला लावलेला तिने कधी ऐकला नव्हता.

भर दुपारी छबूबाईने दार लोटलं. टाक गळ्यातून काढायचा नाही, म्हणून जयमालाला भिंतीला टेकवून बसवलं, आणि ज्वारीचे दोन ओले दाणे टाकावरच्या बाईच्या दोन्ही खांद्यांना चिकटवले. उजवा पडला तर ऑपरेशन, डावा पडला तर कळांची वाट पाहायची. छबूबाई समोर हात जोडून बसली. "ज्ञानू, बोल गं माजी बाय."

बाहेर पत्रा तापून कडकडत होता. टाक मात्र जयमालाच्या छातीवर थंडगार होता, रांजणाच्या बुडाशी हात लागावा तसा. तिने श्वास धरला. पोटातलं बाळही हलायचं थांबलं. छातीवर काहीतरी बारीकसं दबल्यासारखं झालं आणि एक दाणा टपकन ओच्यात पडला.

"डावा!" छबूबाईने सुस्कारा सोडला. "बग, तीबी न्हाईच म्हन्ती. नगरला फोन करून सांगू, गुरवारचं रद्द."

जयमालाने खाली पाहिलं. दाणा उजवा होता. उजवं-डावं देवाचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही, हे छबूबाईला काय कुणी शिकवायचं होतं? देवघरात ती कधीच चुकली नसती. पण आज टाकाच्या वर माणसाचा चेहरा होता, आणि समोरासमोर बसून बोलावं तशी ती बोलली, नि आपल्याच हाताने डावं-उजवं मोजून मोकळी झाली.

आणि जयमाला गप्प बसली. ऑपरेशन कर, असं सवतीने सांगितलं होतं. पण सवत ऑपरेशनच्या टेबलावरच तर गेली होती! ही वाट दाखवतेय, की आपल्या जागेवर बोलावतेय? सवत सवतीचं भलं कशाला चिंतील? तिचा संसार, तिचा नवरा, तिची राखेची वाटीसुद्धा आपण घेऊन बसलोय.

दुसऱ्या दिवशी भागिरथीबाई ओटी भरायला आली. ही ज्ञानेश्वरीची आई. पहिलीची आई ती दुसरीचीही आई, असा रिवाज. जयमालाला स्वतःचे आईबाप नव्हते, त्यामुळे तिला तो फार गोड वाटे. नारळ-तांदूळ ओटीत घालून म्हातारीने तिच्या गालांवरून हात फिरवले. "ज्ञानू, वाळलीस गं," म्हणाली, आणि चुकलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

छबूबाई चहा ठेवायला आत गेली, तसं जयमालाने विचारलं, "आई, त्या कशानं गेल्या?"

म्हातारीने टाकावरून अंगठा फिरवला. "रगत गेलं बाई. पार जामखेडच्या पुढपस्तोर जीपमदी वाहत हुतं. माज्या मांडीवर डोकं. सारखी एकच म्हणायची, आई, त्यास्नी म्हणावं मला कापा, पर बिगीबिगी कापा. टेबलावर घेतली तवा तिच्यात कापण्याजोगं काय ऱ्हायलंच नव्हतं."

जयमालाला रडू फुटलं. इतके दिवस ती या बाईला भीत आली होती, आणि ही बाई मरता मरता जे मागत होती तेच काल दुपारी दुसऱ्यांदा सांगून गेली होती. तेव्हाही कुणी ऐकलं नाही, कालही नाही.

"आत्या," तिने सासूला आत हाक दिली. "दाणा उजवा होता. तुम्ही तुमच्या हाताचं डावं-उजवं धरलंत."

छबूबाई कपबशी हातात घेऊन दारात आली. तिने स्वतःच्या खांद्याला हात लावला, मग हवेतच समोरच्या खांद्याला. तिचा चेहरा उतरला. "म्या... म्या पुन्ना लावते."

"नको. त्यांना आता परत परत विचारू नका. मी गुरुवारी जाणार. तुम्ही आलात तर आनंद आहे, नाही आलात तरी जाणार."

गुरुवारी सगळेच आले. सिस्टरने बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी उतरवली आणि काळ्या दोऱ्याला हात घातला. छबूबाई दोन पावलं मागे सरली, कल्याण खिडकीबाहेर बघू लागला. टाक भागिरथीबाईने ओंजळीत घेतला.

मुलगी झाली. रडली चांगली खणखणीत. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, वार वाटली होती त्यापेक्षा जास्त खाली होती, कळा सुरू झाल्या असत्या तर दोघींचंही कठीण होतं.

जयमालाला खोलीत आणल्यावर छबूबाईने घाई केली. "विहीणबाई, आना तो टाक. गळा मोकळा ऱ्हाऊ दिऊ नये."

भागिरथीबाईने मूठ उघडली नाही. "आता ही हितं कशाला? पैल्या बाळातपणाला पोर आईकडं आसती. म्या न्यायला आले हुते तवा तुमी धाडली न्हाई. आता नेते."

सगळे पलंगाकडे बघू लागले.

"न्या, आई," जयमाला म्हणाली.

म्हातारीने पोरीच्या कपाळाला बोट लावलं आणि ती निघाली. दार उघडं होतं, जयमालाला पडल्या पडल्या लांबपर्यंत दिसत होतं. भागिरथीबाई ताठ कण्याची, झपाझप चालणारी बाई. पण आता ती अगदी सावकाश जात होती. एक हात बाजूला धरलेला, कुणाच्या तरी कमरेमागे असावा तसा. जिन्याशी आल्यावर ती थांबली, शेजारी बघून हळूच काहीतरी बोलली, आणि एक पायरी उतरून वाट बघत उभी राहिली.