उलटा धरलेला कागद

बारावीच्या उन्हाळ्यात माझा देवीवरचा विश्वास उडाला होता. आईसमोर मी हे कधी बोलले नाही, पण इथे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही. आमचं गाव घाटनांदूरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आणि पिढ्यान्‌पिढ्या अंबाजोगाईची योगेश्वरी. त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा चुकला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, संक्रांत झाली तशी मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाने परभणीकडे निघून गेले होते. त्यांचा फोन कधी चालू असायचा, कधी नसायचा. वैशाखात कुणाच्या तरी फोनवरून त्यांनी कळवलं की एका आठवड्यात वीस मेंढरं गेली. आई त्या दिवशी मंगळवारचा उपवास धरून होती. तिने फोन ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि देवीच्या फोटोपुढे वात लावली. मी दारातून बघत होते. मला तिचा राग आला. कुणासाठी करतेस हे सगळं, असं ओरडून विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, पण त्या दिवसापासून मी फोटोपुढे हात जोडणं सोडलं.

मला कॉम्प्युटर शिकायचा होता. हे वेड कुठून आलं, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. आमच्या गावात दूध उत्पादकांची सहकारी सोसायटी होती. मी नववीत असताना तिथे दूध मोजायच्या यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर आला. आमची एकच गाय, तिचं दीड-दोन लिटर दूध घालायला सकाळी मी जायची. सोसायटीचे सेक्रेटरी वयस्कर होते. यंत्र अडलं की ते त्याच्याकडे हात जोडून बघत बसायचे आणि मागे रांग वाढत जायची. एकदा मी धीर करून दोन बटणं दाबली आणि ते सुरू झालं. त्यात फार मोठं काही नव्हतं, पण ज्या घरात कुणाला स्वतःची सही येत नव्हती त्या घरातल्या मुलीला, आपण सांगितलेलं एक यंत्र ऐकतं, याचं केवढं अप्रूप वाटलं असेल! पुढे दुष्काळात चारा संपला, जनावरं छावणीवर गेली, दूध आटलं आणि सोसायटीला कुलूप लागलं. आमची गायही छावणीवर होती आणि आई दिवसभर तिच्याजवळ बसून असायची. मी मात्र अंबाजोगाईला खोली घेऊन राहणाऱ्या दोन मैत्रिणींबरोबर बारावी केली, सीईटी दिली आणि मार्क चांगले पडले.

कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म मी नेट कॅफेत बसून एकटीने भरला. पहिलं कुठलं, दुसरं कुठलं, सरकारी की खाजगी, लांबचं की जवळचं, हे सांगणारं आमच्यात कोणी नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "जितं तुला दोन टाइम भाकर भेटंल, तितं जा." मी औरंगाबादचं एक कॉलेज पहिलं टाकलं, शाखा कॉम्प्युटर. पहिल्याच फेरीत ते लागलं. यादीत स्वतःचं नाव पाहिलं तेव्हा मला रडू आलं. पण त्या नावापुढे एक अट होती. आमच्या प्रवर्गातून मिळालेली जागा पक्की करायची तर जातपडताळणीचं प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत दाखवायचं. ते नसेल तर जागा गेली. माझ्याकडे जातीचा दाखला होता, पडताळणी नव्हती.

पडताळणीला जुना पुरावा लागतो. बापाचा, आजोबाचा, एका ठरावीक सालाच्या आधीचा, शाळेचा किंवा सरकारी. अण्णा शाळेची पायरी चढलेले नव्हते. आजोबा मी पाहिले नाहीत, पण सगळी भावकी एकच सांगायची, "त्यो कशाला जातुय साळंत? त्यो मेंढरामागंच जल्मला आन मेंढरामागंच मेला." भावकीत दुसऱ्या कुणी पडताळणी काढलेली नव्हती, कारण तिथवर कुणी शिकलंच नव्हतं. बीडच्या ऑफिसात मी दोनदा गेले. तिथले साहेब वाईट बोलले नाहीत. उलट समजावून सांगितलं की मुली, नियम आहे, कागद आण, मी लगेच पुढे पाठवतो. त्यांनी हिडीसफिडीस केलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी रागावता आलं असतं. गावच्या शाळेतही गेले. हेडमास्तरांनी कपाटातून निजामाच्या काळातलं दाखल-खारीज, म्हणजे मुलं दाखल झाल्याची आणि नाव कमी केल्याची नोंद असलेलं, रजिस्टर काढून दिलं. सगळं उर्दूत. कडा वाळवीने खाल्लेल्या. ते म्हणाले, "हे आता गावात कुणाला वाचता येत नाही. आणि तुझे आजोबा शाळेत नव्हतेच म्हणतात, मग ह्यात काय शोधणार?" तरी हट्टाने मी त्यातल्या सात पानांची झेरॉक्स मागून घेतली. का घेतली, ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्यांदा बीडहून परत येताना आई बरोबर होती. तारखेला नऊ दिवस उरले होते. अंबाजोगाईला गाडी थांबली तशी आई उठली आणि म्हणाली, "उतर. आईचं दर्शन घिऊन जाऊ." मी म्हटलं, तू जा, मी नाही येत. पण तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून देवळापर्यंत गेले आणि बाहेरच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

"कावून बसलीस हितं? चल की आत."

"मला न्हाई यायचं. तिला काय दिसत न्हाई, काय ऐकू येत न्हाई. तू जा."

आईने माझ्याकडे बघितलं. ती रागावली असती तर मी भांडले असते. पण ती नुसती म्हणाली, "बरं. मी सांगते तिला, लेकरू भायेर बसलंय म्हून." आणि गेली.

ऊन फार होतं. गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट बघत घागरी आणि कॅन रांगेत लावून ठेवले होते. माणसं सावली धरून बसली होती. अंबाजोगाईला त्या साली नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, बाकी एक दिवसाआड असा टँकर. मी पिशवीतून ती सात पानं काढली आणि मांडीवर ठेवून बघत बसले. वाचता येत नव्हतीच. मला तेव्हा काय वाटत होतं ते स्पष्टच लिहिते. मला मरून जावंसं वाटत होतं. मेंढरं गेली, सोसायटी बंद पडली, आता कॉलेजही जाणार. परत गावात जाऊन छावणीवर आईशेजारी बसायचं आणि एखाद्या वर्षात लग्न. पुढचं सगळं आयुष्य मला त्या तापलेल्या गल्लीसारखं दिसत होतं.

"बेटा, कागद उलटा धरलाय तू."

मी वर पाहिलं. पांढरी दाढी, डोक्याला टोपी, धुवून धुवून विरलेला सदरा. रांगेत घागर लावून तेही सावलीला येऊन उभे राहिले होते. मी कागद फिरवला. ते हसले नाहीत. म्हणाले, "कुणाचं नाव बघायलीस?" मी म्हटलं, "आजोबांचं. पडताळणीला पुरावा हवा, तारखेला नऊ दिवस उरलेत. पण ते शाळेत नव्हतेच." ते म्हणाले, "नव्हते, तर मग बघायला काय हरकत हाय?" आणि माझ्याजवळ पायरीवर टेकले. नंतर कळलं की ते उर्दू शाळेतून रिटायर झालेले मास्तर होते. पुढे मी त्यांना चाचा म्हणू लागले.

ते एकेक ओळ बोटाने धरून वाचत गेले. नाव, बापाचं नाव, जात, गाव, दाखल झाल्याची तारीख. अक्षर फिकट होतं, कुठे कुठे वाळवीने नावच खाल्लेलं. अशा ठिकाणी ते कागद उन्हाकडे धरायचे, थांबायचे आणि मगच पुढे जायचे. पहिलं पान झालं, दुसरं झालं. चौथ्या पानावर असताना टँकर आला. गल्लीत एकच आरडाओरडा झाला, घागरी आपटल्या, बायका धावल्या. चाचांनी मान वर केली, रांगेकडे एकदा पाहिलं आणि परत कागदात डोकं घातलं. मी म्हटलं, "चाचा, तुमचं पाणी..." ते म्हणाले, "थांब जरा. ओळ सुटंल."

पाचव्या पानाच्या तळाशी त्यांचं बोट थांबलं.

"सखाराम वल्द बिरा. कौम धनगर. गाव शाळेचंच. बघ, कोन हाय?"

सखाराम माझे आजोबा, बिरा पणजोबा. मी त्यांना म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं आणि मग त्याच ओळीत कडेला लिहिलेला शेरा वाचला. दीड महिना हजर. त्यानंतर सतत गैरहजर, मेंढरांबरोबर परगावी गेला, नाव कमी केलं. एवढंच. माझा आजोबा दीड महिना शाळेत बसला होता आणि हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. कदाचित तो स्वतःही विसरला असेल.

आई देवळातून बाहेर आली तेव्हा मी त्या परक्या माणसासमोर हुंदके देत होते आणि ते "रो मत बेटा, रो मत" म्हणत होते. टँकर निघून गेला होता. चाचांची घागर होती तिथेच होती, पायाने कुणी तरी बाजूला सारलेली, कोरडी. आईच्या ते लक्षात आलं, माझ्या आलं नाही. तिने विचारलं, "आवो, तुमच्या घरला पानी?" त्यांनी रिकामी घागर खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "आज न्हाई तर परवा येतंय की. पोरीची तारीख परवा येती का?" दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर शाळेत आले, हेडमास्तरांना ओळ दाखवली, मराठीत उतरवून सही केली. ते भाषांतर ऑफिसला चालावं म्हणून बीडला एसटीने दोन खेपाही केल्या. आईने त्यांना जेवायला थांबायचा आग्रह केला तर म्हणाले, "पोरगी कालेजात गेल्यावर येतो."

इथे ही गोष्ट संपली असती तर सांगायला सोपी गेली असती. तसं झालं नाही. ऑफिसच्या माणसाने घरी येऊन चौकशी करायची होती, कागदांना आपापला वेळ लागणार होता, त्यात कुणाचाच दोष नव्हता. प्रमाणपत्र माझ्या हातात पडलं ते तारीख उलटून चार दिवसांनी. औरंगाबादची जागा गेली. मी त्या दिवशी प्रमाणपत्र घडी करून डब्यात टाकलं आणि अंथरुणाला खिळल्यासारखी पडून राहिले. पुढच्या फेरीचा फॉर्म भरायचा नाही असं मी ठरवलं होतं. देवीने एक चाचा धाडला तो चार दिवस आधी का धाडला नाही? मेंढरं मारायला तिला वेळ होता, मग मला एक कागद द्यायला का नव्हता? आई दोनदा बोलवायला आली, मी भिंतीकडे तोंड केलं.

त्याच आठवड्यात अण्णा परतले. ऐंशी मेंढरं घेऊन गेलेला माणूस अकरा घेऊन आला. पाय फुटलेले, गाल आत गेलेले. भाकरी खाऊन झाल्यावर आईने त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, "त्यो कागूद काड बरं. काय लिवलंय त्येच्यात, मला वाचून दाव." मी पडल्या पडल्याच चाचांनी मराठीत उतरवलेला कागद वाचला. शेऱ्याशी आले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजी माजा बाप साळंत गेलता?"

"हो अण्णा. दीड महिना."

"दीड म्हैना म्हंजी लई येळ झाला की. मला वाटायचं, मी अडानी हाय तर हाय, माजा बाप बी अडानीच व्हता. अन त्यो तर गेलता." मग ते रडायला लागले. एवढी मेंढरं मेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, असं त्यांच्याबरोबर गेलेल्या चुलत्याने पुढे सांगितलं. मी उठून बसले. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की त्या कागदाची वाट मी एकटी बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या फेरीचा फॉर्म भरला. लातूरच्या एका साध्या कॉलेजात कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीची जागा लागली. लॅबमध्ये दोघींत एक मशीन, निम्म्या दिवशी लाइट नाही. तिथेच शिकले. आज त्याच शिक्षणावर माझं आणि आईअण्णांचं घर चालतं. औरंगाबादला गेले असते तर अधिक चांगलं झालं असतं का, हे मला माहीत नाही आणि आता त्या विचाराने काळीज जळतही नाही. चाचा ठरल्याप्रमाणे जेवायला आले होते. आईने पुरणपोळी केली होती. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता ते नाहीत.

मी पुन्हा योगेश्वरीच्या देवळात जाते. आई म्हणते, त्या दिवशी तिने आत जाऊन सांगितलं म्हणून बाहेर माणूस आला. मी वाद घालत नाही. मेंढरं का गेली, चार दिवस का कमी पडले, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. गाभाऱ्यासमोर उभी राहिले की ते प्रश्न मनात येतातच. पूर्वी मी ते बाहेर पायरीवर बसून, घरी भिंतीकडे तोंड करून विचारत होते. आता आत जाऊन तिलाच विचारते, आणि ती काही बोलली नाही तरी थोडा वेळ तिच्यासमोर थांबते.